तरुण शिकारी कुत्र्याला कामाला कधी काढावे

'कितव्या महिन्यात कामाला काढायचा?' नवख्या मालकाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याला उत्तर म्हणून एखादा आकडा मिळतो. स्पॅनियल वर्षाचा झाला की, लॅब्राडॉर दीड वर्षाचा झाला की. हे आकडे खोटे नाहीत, पण त्यांच्या भरवशावर निर्णय घेता येत नाही. एकाच विणीतले एक पिल्लू चौदाव्या महिन्यात शहाण्यासारखे वागते आणि त्याचाच भाऊ दोन वर्षांचा होईपर्यंत वाऱ्यावर असतो.

शिकारीची ओढ चांगल्या वाणाच्या कुत्र्यात उपजतच असते, ती शिकवावी लागत नाही. शिकवावा लागतो तो आवर. त्यामुळे कुत्रा किती जोरात पळतो किंवा झुडपात किती बेधडक घुसतो यावरून तो तयार झाला असे ठरत नाही. नाकासमोरून पक्षी फडफडत उडाला तरी तो शिट्टीवर थांबतो का, हे पाहायचे. जो कुत्रा जास्त तडफदार, त्याला जास्त काळ मागे ठेवावे लागते. नवखे लोक नेमके उलटे करतात: तडफदार पिल्लू दिसले की त्याला आधी काढतात, आणि दबकणाऱ्याला उगाच मागे ठेवतात.

खालचे टप्पे पक्ष्यांवर काम करणाऱ्या कुत्र्यांसाठी आहेत. म्हणजे झुडपातून पक्षी उठवणारे स्पॅनियल, वास लागताच जागच्या जागी गोठून उभे राहणारे पॉइंटर आणि सेटर, आणि पडलेला पक्षी आणून देणारे रिट्रीव्हर. मागावर पळणाऱ्या हाउंड कुत्र्यांचे गणित वेगळे आहे, ते शेवटी. शिकार जिथे कायदेशीर आहे, तिथला परवाना, हंगाम आणि कुत्रा वापरण्याचे नियम आधी पाहून घ्यावेत, हे वेगळे सांगायला नको.

पहिला टप्पा: शरीर

वाढत्या कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचे मऊ पट्टे असतात. हाड तिथून लांबते. हे पट्टे मध्यम आकाराच्या जातींत साधारण वर्षाच्या सुमारास आणि मोठ्या जातींत १४ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बंद होतात. तोवर उंच कुंपणावरून उड्या, खडकाळ उतारावर धावाधाव किंवा दिवसभराची पायपीट नको. 'जितके महिने वय, त्याच्या पाचपट मिनिटे चालवावे' असा एक हिशेब फार प्रचलित आहे. त्याला भक्कम शास्त्रीय आधार नाही, पण अति करणाऱ्या मालकाला लगाम घालायला तो बरा. खरा फरक पडतो तो कामाच्या प्रकाराने. गवतावर मनाला येईल तसे बागडणे आणि दमल्यावर आडवे होणे पिल्लाला सोसते. सायकलीमागे डांबरी रस्त्यावर पळवत नेणे सोसत नाही.

लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या जातींत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचे दोष आढळतात. जड काम सुरू करण्याआधी पशुवैद्याकडून एक्स-रे काढून घ्यावा. अमेरिकेतली 'ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स' ही संस्था खुब्याचा अंतिम दाखला २४ महिने पूर्ण झाल्यावरच देते. त्याआधीचा निष्कर्ष प्राथमिकच धरला जातो.

घरी करता येईल अशी चाचणी सोपी आहे. मोकळ्या मैदानात तासभर चांगले काम करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपेतून उठताना बघा. पहिली चार पावले आखडून टाकत असेल किंवा मागचा एखादा पाय वाचवत असेल, तर अजून वेळ आहे. अंगावर हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. गुबगुबीत तरुण कुत्रा लवकर तापतो आणि सांध्यांवर भार टाकतो.

दातांकडेही लक्ष हवे. साधारण चार ते सहा-सात महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या दुखत असतात, म्हणून वस्तू उचलून आणायचे धडे बंद ठेवावेत. दुखऱ्या तोंडाने डमी (सरावासाठी फेकायची कापडी गुंडाळी) उचलणारे पिल्लू एक तर ती अर्ध्या वाटेत टाकते, नाहीतर चावत बसते. दोन्ही सवयी पुढे त्रास देतात.

मादी असेल तर तिचा माजाचा काळ लिहून ठेवा. पहिला माज बहुधा सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान येतो आणि साधारण तीन आठवडे चालतो. त्या काळात तिला इतर कुत्र्यांमध्ये नेले तर सगळ्यांचेच काम बिघडते. माजानंतर सुमारे दोन महिन्यांनी काही माद्यांना खोटी गर्भधारणा होते आणि त्या मलूल, हट्टी किंवा चिकट वागतात. परीक्षेचे दिवस या दोन्ही काळांच्या बाहेर ठरवावेत.

दुसरा टप्पा: मन

सहा ते चौदा महिन्यांच्या दरम्यान बऱ्याच कुत्र्यांना भीतीचा एक झटका येऊन जातो. काल ज्या ड्रमजवळून बेफिकीर गेला, त्याच ड्रमला आज तो भुंकतो. या आठवड्यांत नवीन काहीही सुरू करू नये, बंदुकीचा आवाज तर नाहीच.

मनाची तयारी पाहताना तो दचकतो का हे मोजू नका, दचकल्यावर किती वेळात सावरतो ते मोजा. दहा पावलांवर पत्र्याचा डबा पाडा किंवा छत्री फटकन उघडा. तरुण कुत्रा दचकला तर दचकू द्या. काही सेकंदांत तो मान पुढे काढून त्या वस्तूचा वास घ्यायला आला तर उत्तम. मिनिटभराने सुद्धा तुमच्या पायामागे लपून असेल तर पुढच्या टप्प्यांची घाई नको.

तिसरा टप्पा: आवर

इथे सर्वांत जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. तीन गोष्टी पक्क्या लागतात: लांब शिट्टीवर जागीच थांबणे किंवा बसणे, लागोपाठ छोट्या शिट्ट्यांवर परत येणे, आणि नाव घेतल्याशिवाय न सुटणे. शिट्टी एकाच सुराची ठेवा आणि तिची जोड घरात असू द्या, कारण हरवलेल्या शिट्टीच्या जागी वेगळ्या सुराची आणली की कुत्रा गोंधळतो.

थांबण्याची शिट्टी प्रथम जवळ, पाच पावलांवर शिकवा. मग अंतर वाढवा. मग जागा बदला. मग समोर मोह ठेवा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. अंतर आणि मोह एकदम वाढवले की कुत्रा चुकतो आणि चूक त्याची नसते. स्पॅनियल साधारण २५ ते ३० मीटरच्या आत काम करतो, कारण त्यापलीकडे उठलेला पक्षी बंदुकीच्या टप्प्याबाहेर जातो. म्हणून त्याची शिट्टी ३० मीटरवर पक्की असावी. रिट्रीव्हरला दूर पाठवावे लागते, तेव्हा त्याची चाचणी ५० मीटरवर घ्या. दहापैकी नऊ वेळा पहिल्याच शिट्टीवर थांबला पाहिजे. दुसरी शिट्टी फुंकावी लागली की ती वेळ नापास धरा. दोनदा फुंकायची सवय लागली की कुत्रा पहिली शिट्टी ऐकूनही न ऐकल्यासारखे करायला शिकतो.

न सुटण्याचा सराव कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो टाळला जातो. कुत्र्याला बसवा. त्याच्या भोवती डमी फेका, पुढे, मागे, डोक्यावरून. त्यातल्या निम्म्याहून अधिक स्वतः चालत जाऊन उचला आणि उरलेल्यांपैकी एखाददुसरीच त्याच्याकडून नाव घेऊन मागवा. पडलेली प्रत्येक वस्तू आपली, असे एकदा डोक्यात बसले की कुत्रा बंदुकीचा बार ऐकताच सुटतो. पॉइंटर आणि सेटरमध्ये हाच आवर पक्ष्याच्या वासावर पाहायचा. उभा राहिलेला कुत्रा तुम्ही चालत पोहोचेपर्यंत हलू नये आणि पक्षी उडाल्यावर त्यामागे धावू नये. सुरुवातीला दहा मीटरची दोरी गळपट्ट्याला लावून जमिनीवर सोडलेली ठेवा. दोरी ओढून शिक्षा करायची नाही. चुकीचे काम पूर्ण होऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठीच ती असते.

अंगणात हे सगळे चोख करणारा कुत्रा नव्या माळावर कोरा वागतो. यात नवल नाही. कुत्रे धडा जागेसकट शिकतात, म्हणून तीन-चार वेगळ्या जागी तोच धडा पहिल्यापासून घ्यावा लागतो.

चौथा टप्पा: बंदुकीचा बार

बंदुकीची भीती बहुतेक वेळा माणसाने लावलेली असते. 'घाबरतो का बघू' म्हणून पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर नेऊन उभे करणे हा ती लावण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचे माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) बंदुकीचा आवाज नळीजवळ १५० डेसिबलच्या आसपास असतो आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तीक्ष्ण.

क्रम असा ठेवा. मदतनीस १०० मीटरवर, तोंड आणि पिस्तूल कुत्र्यापासून दुसरीकडे. कुत्रा आपल्या नादात, डमीमागे किंवा पंखामागे आनंदाने धावत असताना स्टार्टर पिस्तुलाचा (शर्यत सुरू करताना वापरतात त्या, नुसता आवाज करणाऱ्या पिस्तुलाचा) एकच बार काढावा. कान टवकारून पुन्हा खेळायला लागला तर ठीक. शेपटी खाली गेली, पायाशी आला, गाडीकडे वळला, तर त्या दिवशी तिथेच थांबा आणि आठवड्याने अंतर दुप्पट करून पुन्हा बघा. लाड करून समजूत घालू नका, रागावूही नका, आपण काही ऐकलेच नाही असे वागा. एका दिवशी दोन-तीन बारांपेक्षा जास्त नको. चार-पाच दिवसांच्या फरकाने दर खेपेस १०-१५ मीटर जवळ या. २५ मीटरवर सहज झाले की हलकी बंदूक घ्या, चारशे दहा (०.४१० इंच नळीची) किंवा वीस बोअर, आणि पुन्हा १०० मीटरपासून सुरू करा. बारा बोअर सगळ्यांत शेवटी. कुत्र्याच्या डोक्यावरून बार कधीही काढू नये, जुन्या कुत्र्याच्या सुद्धा.

भीती गेली की दुसरे टोक सांभाळायचे. बार म्हणजे 'पळ' असे त्याला वाटू लागले तर तिसऱ्या टप्प्याची मेहनत वाया. म्हणून बार झाला की बसायचे, हे आता शिकवा: बार, लगेच थांबण्याची शिट्टी, मग शाबासकी. काही दिवसांनी शिट्टी गाळा.

पाचवा टप्पा: तोंड आणि पक्षी

पिल्लासाठी साधारण २२५ ग्रॅमची आणि वाढलेल्या कुत्र्यासाठी ४५० ग्रॅमची कापडी डमी वापरतात. डमी हातात आणून देणे पक्के झाल्यावर तिच्यावर पंख बांधा. मग थंड, स्वच्छ, अखंड पक्षी. शीतपेटीतला असेल तर तो पूर्ण मऊ झालेला हवा, अर्धवट गोठलेला पक्षी चावायला लावतो. रक्ताळलेला किंवा फाटलेला पक्षी सुरुवातीला देऊ नका, चाटायची आणि चघळायची चटक लागते. कबुतराची पिसे सुटून तोंडाला चिकटतात आणि तरुण कुत्रे त्याला कंटाळतात. जुन्या पायमोज्यात ते घालून दिले की पहिल्या काही वेळा निभावते.

आणलेला पक्षी हातात घेतल्यावर दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवरून अंगठा फिरवा. एका बाजूला बरगड्या चेपलेल्या लागल्या तर पक्षी पडतानाही तसे होऊ शकते. दोन्ही बाजूंनी आणि वरचेवर तसेच आढळले, तर कुत्रा जबडा आवळतो आहे. हा दोष काही अंशी उपजत असतो, पण बराचसा हिसकावून घेण्याने वाढतो. कुत्रा आला की पक्ष्याकडे झेपावू नका, आधी त्याच्या छातीवर हात फिरवा, दोन क्षण पक्षी त्याच्या तोंडात राहू द्या, मग मागा.

पाण्यातले काम करायचे असेल तर पहिली ओळख उबदार दिवसात, उथळ आणि हळूहळू खोल होणाऱ्या काठावर. पिल्लाला उचलून पाण्यात टाकणाऱ्याने पाण्याचा कुत्रा विसरावा.

सहावा टप्पा: रंगीत तालीम

प्रत्येक धडा सुटा जमतो म्हणून सगळे एकत्र जमेलच असे नाही. खऱ्या दिवशी बार, पक्षी, अनोळखी माणसे आणि दुसरे कुत्रे हे सारे एकाच वेळी अंगावर येते. म्हणून एक मदतनीस, एक शांत जुना कुत्रा आणि अनोळखी जागा घेऊन हे क्रमाने करून बघा:

१. पट्ट्याशिवाय पायाशी २०० मीटर चालणे, वाटेत जुना कुत्रा आडवा जातो.
२. वीस मिनिटे बसून राहणे, त्या काळात सहा-सात बार आणि तेवढ्याच डमी. कुईकुई नको.
३. जुना कुत्रा डमी आणतो, तरुणाने जागेवरून बघायचे.
४. त्याला एक दिसलेली डमी आणायला पाठवणे, आणि निम्म्या वाटेत शिट्टीने थांबवणे.
५. दाट झुडपात न दिसलेली डमी नाकाने शोधून हातात देणे.

यातला दुसरा आणि तिसरा भाग सर्वांत जास्त कुत्रे नापास करतो. कुईकुईकडे कानाडोळा करू नका. ती सवय एकदा मुरली की जवळजवळ जात नाही, आणि रिट्रीव्हरच्या मैदानी स्पर्धांत तेवढ्यावरून कुत्रा बाद होतो. ही तालीम तीन वेगळ्या जागी, निदान आठवड्याच्या अंतराने, तिन्ही वेळा नीट झाली की कुत्रा तयार समजावा. दोनदा झाली आणि तिसऱ्यांदा फसली तर तो तयार नाही. मग हंगाम उद्या संपत असला तरी.

पहिला दिवस

त्या दिवशी बंदूक दुसऱ्याच्या हातात द्या. एकाच वेळी नेम आणि कुत्रा सांभाळणे अनुभवी माणसालाही अवघड जाते, आणि कुत्र्याची पहिली चूक नेमकी तुम्ही आकाशाकडे बघत असताना होते.

निघण्याआधी भरपेट खाऊ घालू नका. भरल्या पोटी धावणाऱ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळले जाण्याचा धोका असतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. मुख्य जेवण आदल्या संध्याकाळी, पाणी मात्र वरचेवर. उष्ण दिवस टाळा. कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. ते ४१ च्या पुढे गेले की जीव धोक्यात येतो. जीभ रुंद होऊन लोंबणे, थांबवूनही न थांबणारी धाप, अडखळती चाल दिसली की सावली, अंगावर गार पाणी, वारा, आणि थेट पशुवैद्य.

मैदानात पाऊण तास पुरे. पहिला पक्षी उघड्यावर, कुत्र्याच्या डोळ्यांदेखत पडलेला, पूर्ण मेलेला निवडा. तो पडल्यावर निदान अर्धा मिनिट थांबा, मग नाव घेऊन पाठवा. पंखाला लागून पळणारा पक्षी जुन्या कुत्र्यासाठी सोडा. नखे मारणाऱ्या, टोचणाऱ्या पक्ष्यामुळे तरुण कुत्रा एक तर त्याला टाळू लागतो, नाहीतर आधी दाबून मारायला शिकतो. जखमी हंस किंवा मोठे बदक तर नकोच. दोन किंवा तीन पक्षी आणले, सगळे ठीक झाले, की घरी. 'आज मस्त चाललंय, अजून एक फेरी मारू' हे वाक्य ज्या दिवशी बोलले जाते, त्या दिवशीच्या शेवटच्या फेरीत काहीतरी बिघडते. दमलेल्या कुत्र्याचे कान आधी बंद होतात, पाय नंतर. शिवाय बेशिस्त कुत्र्याशेजारी त्याला उभे करू नका. वाईट सवयी एका सकाळीत लागतात.

बिघडले तर

हुकमाआधी सुटला आणि पक्षी मिळवला, तर त्याला बक्षीस मिळालेच आहे. नंतर रागावून उपयोग नाही, पक्षी घेऊन आलेल्या कुत्र्याला मारले तर तो आणणेच सोडेल. पट्टा लावा, उरलेला दिवस नुसता बसवून ठेवा, आणि दोन-तीन आठवडे डमीवर परत जा. दूरदूर जाऊन पक्षी उठवत असेल तर दोरी लावून, वारा तोंडावर घेऊन रानाचा एकेक लहान तुकडा धुंडाळायला लावा. वारा पाठीमागून असला की कुत्रे आपोआप लांब जाऊन उलटे काम करत येतात, आणि मालकाला तो हट्टीपणा वाटतो. वास आल्यावर मुद्दाम वळसा घालून जात असेल, तर तो पक्ष्याला नाही, पक्ष्याबरोबर आलेल्या बाराला किंवा शिक्षेला घाबरला आहे. त्याला चौथ्या टप्प्यावर नेऊन पहिल्या अंतरापासून सुरू करा.

हाउंड

मागावर पळणाऱ्या कुत्र्यांत शिट्टीवर जागीच बसण्याला तेवढे महत्त्व नाही. ती विद्या ते जुन्या कुत्र्यांबरोबर राहून शिकतात. तरुण कुत्र्याचा गळपट्टा अनुभवी कुत्र्याच्या गळपट्ट्याला जोडून फिरवण्याची पद्धत जुनी आहे आणि आजही चालते. बीगलसारखा लहान हाउंड सहा ते दहा महिन्यांत छोट्या मागावर घेता येतो, मोठ्या हाउंडना साधारण दीड वर्ष लागते. त्यांची परीक्षा एकच: चुकीच्या जनावराचा माग लागल्यावर हाक ऐकून तो सोडतात का. गुरे, मेंढ्या आणि हरणे यांच्या जवळून पट्ट्यावर वारंवार नेऊन, तिकडे बघणेही सोडून देईपर्यंत, हाउंडला मोकळे करू नये.